हा धर जरा

पहिला मिररलेस कॅमेरा घ्यायचा म्हणून व्हिडिओ बघून बघून लेकीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. दुकानात तिसरा कॅमेरा हाताळला, तरी तिचं आपलं तळ्यात-मळ्यात चालूच. आई शेजारच्या खुर्चीत कंटाळून बसली होती. नजर अधू झाल्यापासून ती घरच्यांनाही आवाजावरूनच ओळखायची. दुकानात तिला बघण्यासारखं होतं तरी काय!

“आई, हा धर जरा. मी तो हलका बघते.”

आईने गंमत म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला. “हे पुढचं गोल फिरवू का गं?”

“फिरव, झूम आहे ते. फक्त पाडू नकोस.”

आई लेकीच्या दिशेने कॅमेरा धरून ते गोल फिरवत राहिली आणि एकाएकी थांबली.

“अगं बाई, केस कधी पिकले गं तुझे? आणि हनुवटीवरचा तीळ... आहे की अजून!”

लेक होती तिथेच खिळली.

“ताई, मग हा हलका पॅक करू ना?” दुकानदाराने विचारलं.

“नको. आईच्या हातातला द्या,” मान जराही न हलवता ती म्हणाली. “पण इतक्यात पॅक नका करू. ती बघतेय.”