गोधडीचं पोट

बांगलादेशातून जीव मुठीत धरून आलेल्या निर्वासितांच्या छावणीसाठी वडवणीकडच्या एका सोसायटीनं केशरबाईकडून वीस गोधड्या शिवून घेतल्या. दुष्काळानं घरात दाण्याची मारामार होती, पण गोधडीचं पोट रिकामं ठेवायचं नाही, ही रीत काही तिनं मोडली नाही. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात आपल्या वाट्याच्या भाकरीचा तुकडा घालूनच तिनं शेवटचा टाका मारला.

महिन्याभरानं छावणीचं पत्र आलं, तसे चेअरमन सुंदरराव उखडले. "लाज आणलीस बाई! समद्या गोधड्या उसवल्यात, अन् त्याबी एकाच कोपऱ्यात. शिवण कच्ची कावून ठेवलीस?"

केशरबाईनं पदर तोंडाशी धरला.


"शिवण पक्की व्हती, चेअरमनसाब. पुढच्या बारीला अख्खी भाकर घालते."