सतराव्या शेळीचं वजन

कल्याणीला प्रबंध परवा द्यायचा होता आणि संगणकावरचा प्रोग्रॅम साधी सरासरी काढून देत नव्हता. चाळीस शेळ्यांची बारा आठवड्यांची वजनं त्याने मॅट्रिक्समध्ये, म्हणजे चौकटींच्या तक्त्यात, घेतली खरी, पण आकडे न समजता अक्षरं समजून. एका जरी चौकटीत शब्द असला, की तो सगळ्यांनाच शब्द मानतो. तासभर शोधल्यावर सतराव्या शेळीच्या नवव्या आठवड्यात तिला सापडलं : ‘धरू दिलं नाही.’

तिने वजनं घेणाऱ्या खिलारेमामांना फोन लावला. “मामा, तिथे आकडा हवा होता. अंदाजे किती भरली असती?”

“अंदाजेच लिहायचं होतं, तर मी बारा आठवडे ढुशा कशाला खाल्ल्या, ताई? झाडाखाली बसून सगळंच लिहिलं असतं की!”

कल्याणी ओशाळली. फोन लावण्याआधीच तिने तिथे तेवीस किलो टाकून पाहिले होते. ते तिने खोडले, चौकट रिकामी ठेवली आणि ती वगळून सरासरी काढायला सांगितली. प्रोग्रॅमने निमूट काढली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांचं बोट नेमकं त्या रिकाम्या चौकटीवर थांबलं. “हे काय?”

“सर, त्या दिवशी शेळीने धरू दिलं नाही.”

मार्गदर्शक बाईंनी डोळे मिटून घेतले. परीक्षक मात्र सावरून बसले.

“पंधरा वर्षं प्रबंध तपासतोय. सगळ्यांच्या शेळ्या दर आठवड्याला गुमान काट्यावर चढतात. खरी शेळी आज पहिल्यांदा भेटली.”