दोरीवरची लाल चादर

“पेशंट कुठाय?” जीपवाला दारातूनच ओरडला.

सूनबाई कांदा चिरत होती. सातवा महिना, हातात सुरी, डोळ्यांत कांद्याचं पाणी. तिने दाराकडे पाहिलं. जीपवाल्यामागे सुतार. अंगणात चौघांनी खांद्यावर उलटी खाट धरलेली, तिला दोन बांबू बांधूनच आणलेले. नर्सबाई चढ चढून धापा टाकत होत्या. आणि सगळ्यांना ढकलून पुढे आलेला, पायात एकच चप्पल असलेला तिचा नवरा.

“अगं, काय होतंय तुला?”

“मला? काही नाही.”

“मग ती लाल चादर?”

चादर दोरीवर वाळत होती. सकाळी पेटीच्या तळाशी सापडली, कुबट वास येत होता, म्हणून तिने धुऊन टाकली. त्यात एवढं काय झालं, तिला कळेना; लग्न होऊन या डोंगरात आल्याला वर्षही झालं नव्हतं. मग सुताराने समजावलं. या डोंगरात फोन लागतो तो फक्त खिंडीत. म्हणून घरोघरी एक लाल चादर जपून ठेवलेली असते. ती दोरीवर दिसली की घरात कुणाच्या तरी जिवावर बेतलंय असं समजायचं आणि हातातलं टाकून धावायचं. सुताराने समोरच्या उतारावरून ती पाहिली, शिट्ट्या मारत रस्त्यावर उतरला आणि बाजाराला निघालेली जीप अडवली. जीपमधली माणसं आपापली पोती, कोंबड्या घेऊन मुकाट खाली उतरली, मागची बाकं मोकळी करून दिली. आठवड्यातून एकदाच जाणारी जीप! आता पोचेपर्यंत बाजार उठणार, मीठ-साखर सगळ्यांचीच राहिली.

सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “माझ्यामुळे सगळ्यांचा बाजार बुडाला हो,” म्हणत ती रडायलाच लागली.

“बाजाराला काय धाड भरलीय? पुढच्या आठवड्यात आहेच की,” जीपवाला म्हणाला. “नुसती चादरच निघाली, हे काय थोडं झालं?”

नर्सबाईंनी आल्यासारखं तिला तपासून घेतलं. खाटवाल्यांनी खाट सुलटी केली आणि तिच्यावरच बसून चहा मागितला. आधण उकळतच होतं. सासूबाईंनी मघाशीच पातेलंभर ठेवायला लावलं होतं, कशाला ते न सांगता. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. धन्य ती माणसं!

चहा पिऊन मंडळी पांगली. नवरा दुसरी चप्पल शोधू लागला. तोही त्याच जीपमध्ये होता, पण बाजाराला नव्हे, खिंडीत उतरून फोन करायला निघाला होता. शहरातल्या खोलीला आज होकार कळवायचा होता. ‘इथे अडलं-नडलं तर कोण येणार?’ हा सूनबाईचा महिनाभराचा धोशा. बाळ शहरातच वाढवायचं, डोंगर कायमचा सोडायचा, असं ठरलं होतं. सासूबाई इथे एकट्याच राहणार होत्या.

“चालतच जातो. आजच सांगायचंय ना?”

सूनबाईने अंगणातल्या उष्ट्या कपांकडे पाहिलं.

“हो, जा. खोली नको म्हणून सांगा.”

मग ती चादर काढायला गेली. दोरीखालीच सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, अगदी सकाळी होत्या तिथेच. तिचा हात थबकला.

“आई, मी ही वाळत घातली तेव्हा तुम्ही इथेच होतात. मला अडवलं का नाही?”

सासूबाईंनी सुपातला खडा वेचून लांब फेकला.

“कोण येणार, कोण येणार, म्हणत होतीस. मी नुसतं सांगून पटलं असतं तुला?”