मांडवाबाहेरचं गाणं

ठकीच्या डोक्यावरची शेवटची वायर काढताना योगिताचे हात थांबले. केसांत चिकटलेली पेस्ट ओल्या कापसानं पुसायची, एवढंच काम उरलं होतं. या नोकरीत तिनं अशी कितीतरी डोकी पुसली होती. पण हे डोकं तिच्या आईचं होतं, आणि शेजारच्या पडद्यावर त्या डोक्याची अख्खी रात्र उघडी पडली होती. रात्रभरही तिनं काचेपल्याडून झोपलेल्या आईकडंच पाहिलं होतं; पडद्याकडं बघायचा तिला धीर होत नव्हता.

"झालं ना गे? हितं चाय मिळल का?" ठकीनं विचारलं. तिचा चेहरा कधी नव्हे इतका टवटवीत दिसत होता.

कैनाड गावात ठकी धवलेरी होती. वारल्यांचं लग्न लावायचं ते धवलेरीनं. तिनं भिंतीवर रंगवलेल्या लग्नाच्या चौकापाशी बसायचं, गाण्यातून एकेका देवाला नावानं बोलवायचं आणि एकालाही विसरायचं नाही. सगळं तोंडपाठ, कागदाचं तिथं काम नाही. तीस वर्षं ठकीची जीभ कुठं अडली नव्हती. यंदा मात्र ती दोनदा अडखळली. गावातल्या लाहूच्या पोराच्या लग्नमांडवात तर थेट पालघट देवीपाशी येऊन गप्प झाली. जिच्यावाचून लग्न लागत नाही, तिचंच नाव आठवेना. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

चार दिवसांनी लाहू घरी आला. "धाकटीचं लग्न पुढच्या महिन्यात हाय," तो म्हणाला. "तवर दवाखाना करून घे, ठकीबाय. नायतर मला दुसरी बघावी लागल." शिव्या दिल्या असत्या तर ठकीनं परतवल्या असत्या. तो मायेनं बोलला, म्हणून जास्त लागलं.

योगिताची भीती वेगळीच होती. डहाणूच्या या दवाखान्यात झोपेच्या तपासणीचं काम ती गेल्या दिवाळीपासून करत होती. पाळी कायम रात्रीची. अंधार पडल्यावर स्कूटीवरून यायचं, सकाळी उजाडल्यावर परत जायचं. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांचे रिपोर्ट तिनं पाहिले होते. मेंदूच्या गाढ झोपेतल्या लाटा खुरटलेल्या, काहींच्या तर जवळजवळ नाहीतच. वहिनी भारती सांगायची, आयस रात्रभर गप पडून असते, कूससुद्धा बदलत नाही. म्हणजे झोप होती, तरी आई विसरत होती. मग बिघाड डोक्यातच असणार. असा सरळ अर्थ लावून योगिता महिनाभर मोरीत पाण्याचा नळ सोडून रडत होती.

दक्षा डॉक्टर आल्या. खुर्ची ओढून पडद्यावरची पानं सरकवू लागल्या. मध्येच थांबल्या.

"योगिता, हे बघितलंस?"

आता बघणं भागच होतं. पडद्यावर मोठमोठ्या संथ लाटा चालल्या होत्या, वारा पडलेला असताना डहाणूच्या किनाऱ्याला येतात तशा. घाई कसलीच नाही. पानामागून पान त्यांनीच भरलं होतं.

"मग हे चांगलंच ना?" तिनं विचारलं.

"फार चांगलं. याच झोपेत मेंदू दिवसभराचं जागच्या जागी लावतो, पाठ केलेलं पक्कं करतो. पण साठीच्या बाईला एवढी?" डॉक्टर ठकीकडं वळल्या. "मावशी, उपाशी माणूस ताटावर तुटून पडतो ना, तशा झोपलात तुम्ही. घरी किती दिवस जागताय?"

ठकीनं पदर सारखा केला. "झोपते की मी. सुनेला विचारा."

"आये," योगिता म्हणाली, "इथं खोटं चालत नाय."

 ठकी बोलली ती डॉक्टरांशी नाही, लेकीशी. मांडवाबाहेर ते गाणं म्हणायचं नाही, असा तिच्या सासूनं घालून दिलेला नेम होता. तो तिनं दिवाळीपासून रोज मोडला होता. योगिताची स्कूटी अंगणातून निघाली की ती अंथरुणावर पडायची, डोळे मिटायची आणि मनातल्या मनात पहिल्या देवापासून सुरू करायची. प्रत्येकाला लेकीची राखण सांगायची. शेवटचा देव झाला की परत पहिला. सकाळी स्कूटी दारात येईपर्यंत.

"रस्ता अंधाराचा. मधी ट्रकवालं. पालघटीलापण किती दमवलं मी," ठकी म्हणाली. नाव किती सहज आलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. योगिताच्या आलं.

"मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं, तर नोकरी सोडली असतीस."

ते खरं होतं.  योगितानं आईच्या केसांतली उरलेली पेस्ट पुसली, पुसून झालेली जागाही पुन्हा पुसली.

"मग काल गं? काल कशी झोपलीस?"

ठकी हसली.

"काल तू काचेपल्याड बसलेली दिसत होतीस. म्हटलं, आज देवांनापण झोपू दे."