बासष्ट धवले

“काका, ही एकदाच फिरेल,” स्वानंद म्हणाला. “मध्येच बसली तर खेळ खल्लास. म्हणून आधी सगळं कॉपी मारतो, मग वाचू.”

वाशीतल्या त्याच्या दुकानात टेबलावर विटेएवढी हार्ड डिस्क ठेवलेली होती. वीस एमबीची, सत्त्याऐंशी सालची. आता अठ्ठ्याण्णव उजाडलं होतं आणि दुकानातलं एकही मशीन तिला ओळख दाखवत नव्हतं. तिच्या जोडीचं कार्ड शोधण्यात स्वानंदचे तीन आठवडे गेले होते.

सुधीर चौबळ नुसती मान हलवत होते. त्यांच्या कंपनीने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर भंगारात काढला, तेव्हा त्यांनी ही डिस्क मागून घेतली होती. मग नागपूरला बदली झाली, तिथेही आठ वर्षं ती कपाटात बायकोच्या शालूखाली जपली होती. तिच्यात बोनकोडे गावच्या काशीबाईंकडून त्यांनी उतरवून घेतलेले बासष्ट धवले होते. मांडव घालताना, हळद कांडताना, तेल लावताना, लग्नाच्या एकेका विधीला म्हणायची गाणी. एकेकाळी काशीबाई आल्याशिवाय आसपासच्या गावांत लग्न लागत नसे.

त्या काशीबाई समोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणातून त्या उठल्या, पण गाणी उठली नाहीत. शेजारी त्यांची नात उन्नती उभी होती. शनिवारी तिची हळद होती.

“कितीदा मागे लागले होते, आजी मला शिकव म्हणून,” उन्नती म्हणाली. राग आजीवर होता की चौबळांवर, ते तिलाही सांगता आलं नसतं. “तर ही म्हणायची, सायबाच्या मशीनमदी हायत ती, तू कशाला डोकं खातंस!”

“तूच बोललास ना सायेब,” काशीबाई चौबळांना म्हणाल्या. “आता ईसरलीस तरी चालंल.”

बोलले होते. काशीबाईंच्या ओटीवर बसून, बशीतून चहा पिता पिता, मोठ्या ऐटीत बोलले होते. खरं तर तेव्हा कॉम्प्युटरचं त्यांना चालू-बंद करण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं. त्या ऐटीची चौबळांना आता मनापासून लाज वाटली.

स्वानंदने बटण दाबलं. डिस्क नुसतीच गुणगुणली, फिरेना. त्याने ती हातात घेतली आणि बरणीचं घट्ट झाकण उघडावं तसा मनगटाने झटका दिला. पुन्हा दिला. चौबळांनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या झटक्याला घरघर सुरू झाली आणि चढत चढत तिची बारीक शिट्टी झाली.

“फिरली!” स्वानंद ओरडला आणि त्याने झटकन फ्लॉपी आत सरकवली.

स्क्रीनवर एकेक नाव उमटू लागलं. मांडव. हळद. तेल. चौबळ बोटांवर मोजत होते. बासष्टच्या बासष्ट आली. मग डिस्कमधून खट्ट असा आवाज आला आणि ती थांबली ती थांबलीच.

“जाऊ दे तिला. आपलं सगळं फ्लॉपीवर आलंय.”

चौबळांनी चष्मा काढून डोळे पुसले. आयुष्यात निदान एक काम आपण धड केलं, असं त्यांना वाटलं. उन्नतीने आजीचा हात घट्ट धरला.

स्वानंदने हळदीची फाईल उघडली. त्या जुन्या कॉम्प्युटरवर देवनागरी नव्हती, म्हणून चौबळांनी मराठी इंग्रजी अक्षरांत टाईप केलं होतं. तो अडखळत वाचू लागला. “खाडीचे पल्याड गो पिकली हलाद...”

“हलाद काय? हलद!” काशीबाई म्हणाल्या, आणि बघता बघता त्या गाऊ लागल्या.

“खाडीचे पल्याड गो पिकली हलद,
पाच सवाशिनी गो कांडती हलद...”

आवाज थकलेला होता, पण सूर जिथल्या तिथे होता. उन्नतीचे डोळे भरून आले. काशीबाई थांबल्या आणि वाट बघू लागल्या.

“बोल ना रं पुढं,” त्या स्वानंदला म्हणाल्या.

त्याने स्क्रीन चौबळांकडे वळवली. खाली एकच ओळ होती. चौबळांनी ती वाचली आणि दुसरी फाईल उघडायला सांगितली. मग तिसरी. मग अगदी शेवटची. प्रत्येकीत दोन ओळी, आणि त्यांच्याखाली तीच एक ओळ.

आधी सगळ्या गाण्यांची सुरुवात टाईप करून घ्यावी, बाकीचं मागाहून, असं त्यांनी ठरवलं होतं. ते त्यांना आत्ता आठवलं. मध्येच कॉम्प्युटर भंगारात गेला आणि बदलीची ऑर्डर आली. राहिलेलं काम कधी झालंच नव्हतं; नागपुरातल्या वर्षांत त्यांच्या आठवणीनेच ते परस्पर पुरं झालंय असं धरून टाकलं होतं.

“काय लिहिलंय, काका?” उन्नतीने विचारलं.

ती ओळ वाचल्याशिवाय सुटका नव्हती. चौबळांनी कसंबसं वाचलं, “पुढचं काशीबाईंना तोंडपाठ. सवडीने उतरवून घेणे.”

उन्नतीच्या हातातून आजीचा हात सुटला. काशीबाईंचा चेहरा मात्र खुलला.

“बग गो,” त्या नातीला म्हणाल्या, “मशीनला पन ठावं हाय, मना पाठ हायत ती.”

त्यांनी पदर सावरला, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खाडीपल्याडची हळद पिकली, पाच सवाष्णींनी ती कांडायला घेतली. दुसरी ओळ संपली तशा काशीबाई थांबल्या आणि स्क्रीनकडे बघत बसल्या.