तीन हिर्श

हैफात हिब्रूचं रशियन करून देणारे गल्लोगल्ली सापडतात, पण फिरामावशींनी माझ्याआधी दोघांना घालवून दिलं होतं. दोन दिवसांनी त्यांचं विमान होतं. बेलारूसमधल्या मूळ गावी जाऊन आमच्या ज्यू रिवाजाप्रमाणे आजोबांच्या कबरीवर खडा ठेवायचा होता, आणि तिथे एकाच नावाच्या तीन कबरी निघाल्या होत्या. आमच्यात वारलेल्यांची नावं पुन्हा मुलांना ठेवतात आणि जुन्या दगडांवर आडनाव कोरत नाहीत. त्यामुळे तिघेही ‘झल्मनचा मुलगा हिर्श’.

मी पहिल्या दगडाच्या फोटोतला हिब्रू मजकूर रशियनमध्ये वाचून दाखवला. “सरळमार्गी माणूस. परक्याच्या काडीलाही कधी हात लावला नाही.”

“हे आमचे नव्हेत.”

“मावशी, तुम्ही तर आजोबांना पाहिलंही नाही!”

“माझ्या आईने पाहिलं होतं. तू पुढचं वाच.”

दुसऱ्या दगडावर होतं, “रात्रंदिवस धर्मग्रंथात बुडालेला.”

“हेही नव्हेत. आधीच्या दोघांनी यांनाच माझ्या गळ्यात मारायला बघितलं. इतकी माणसं, आणि एकालाही धड वाचता येत नाही!”

तिसऱ्या दगडावर शेवाळ होतं. मी भिंग लावून एकेक अक्षर जुळवलं. “घरच्यांना कधी उपाशी झोपू दिलं नाही. घोड्यांवर फार जीव होता.”

मावशी ताडकन उठल्या आणि त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

“हेच आमचे आजोबा! घोडे कुणाचे, तेवढं लिहायचं टाळलंय बघ.”