शून्य सावलीचा दिवस

शाळेच्या गच्चीवर तैलरंगात दोन छोटी पावलं काढलेली होती. मे महिन्यातल्या एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. दरवर्षी बेहेरे सरांचं खगोल मंडळ लोकांना ते दाखवायचं, तेव्हा त्या पावलांवर सरांची बायको उभी राहायची. रंग जाऊ नये म्हणून अनवाणी, हा सरांचाच नियम.

ती जाऊन सतरा दिवस झाले होते. सरांना रडू आलं नव्हतं.

“यंदा पावलांवर माणसाऐवजी बाटली उभी ठेवू या,” मंडळाची सेक्रेटरी म्हणाली.

सरांनी चपला काढल्या आणि ते स्वतःच उभे राहिले. टाचा पावलांबाहेर आल्या.

सावली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले.

“सर, चपला घाला. पाय भाजतील,” सेक्रेटरी म्हणाली.

सरांच्या पायांना काही कळत नव्हतं.

“ती एकवीस वर्षं इथे उभी राहिली,” ते म्हणाले. “भाजतंय का, मी कधी विचारलं नाही.”